जस्ताच्या पत्र्यावरचा तेलकटपणा : कोणता सोडा चालतो, कोणता नाही



आपल्या काटोलकडे जस्ताचा पत्रा कुठे नाही? गोठ्याच्या छपरावर आहे, धान्याच्या कोठीला आहे, बादलीला आहे. चिवडा-पापड तळणाऱ्या गटांच्या शेडमध्ये तर चुलीमागचा पत्रा तेलाने चिकट होतो. आज तो साफ करण्याबद्दल बोलू.

हा पत्रा मुळात लोखंडाचा. त्यावर जस्ताचा थर असतो, तो पातळ पत्र्यावर केसापेक्षाही पातळ. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायच्या पद्धतीचं पेटंट १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल या अभियंत्याने घेतलं. हा थर आहे तोवर लोखंड गंजत नाही. म्हणून डाग काढायचा, पण थर राखायचा.

माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' लिहिलेला असतो, तो आठवा. सामू ० ते १४ मोजतात. ७ म्हणजे मध्य, खाली आंबट, वर खारं. जस्ताला दोन्ही टोकं सोसत नाहीत. साधारण ६ ते १२ च्या मध्ये ते टिकतं. म्हणून लिंबू, चिंच, संत्र्याचा रस, संडास धुण्याचं अ‍ॅसिड पत्र्याला लावायचं नाही.

तेलाला मात्र खार लागतो. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, त्यामागे हेच होतं. राखेतला खार गोडेतेलाचा थोडा साबण करतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. धुण्याचा सोडा तेच काम करतो, त्याच्या पाण्याचा सामू ११ च्या आसपास असतो. कॉस्टिक सोड्याचा १३ च्या वर जातो. तो तेल झटक्यात काढतो, पण जस्तही खातो. पत्र्यावर बुडबुडे येतात, तो पेट घेणारा हायड्रोजन वायू असतो. बंद कोठीत किंवा चुलीजवळ हे धोक्याचं आहे. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीतही बहुधा कॉस्टिक असतो, म्हणून पाकीट वाचूनच घ्या.

आता करायचं कसं ते पाहू.

आधी साचलेलं तेल कागदाने किंवा भुशाने टिपून घ्या. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण विरघळवा. हातमोजे घाला. पहिल्यांदा कोपऱ्यात लावून पाहा. पत्रा काळपटला तर थांबा. नाहीतर मऊ फडक्याने सगळीकडे लावा, पाच-दहा मिनिटं ठेवा आणि सुकण्याआधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. तारेची घासणी वापरू नका. तिने जस्त खरवडलं जातं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

डिझेल, इंजिनाचं ऑइल किंवा ग्रीस असेल तर सोड्याने त्याचा साबण होत नाही. तिथे भुसा जास्त आणि साबण जास्त लागतो, दोनदा धुवावं लागतं. हाच सोडा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र लावू नका, ते काळं पडतं.

साफ झालं हे ओळखायचं कसं? पत्र्यावर पाणी ओता. एकसारखं पसरलं तर तेल गेलं. थेंब-थेंब होऊन थांबलं तर अजून तेल आहे. रंग द्यायचा असेल तर ही परीक्षा नक्की करा, कारण तेलावर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात.

धुतल्यावर कोरडं पुसून उन्हात ठेवा. ओले पत्रे एकावर एक रचले तर त्यावर पांढरी भुकटी धरते, तो जस्ताचा गंज. कोठी तर आतून खडखडीत वाळल्याशिवाय धान्य भरायचं नाही, ओलीने बुरशी लागते.

डोळ्यात सोड्याचं पाणी उडालं तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. सोड्याचा डबा खाण्याच्या सोड्याजवळ ठेवू नका, वर नाव लिहा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

पुढच्या बैठकीत गटातल्या एका पत्र्यावर पाण्याची परीक्षा करून पाहा. बचतीच्या पैशातून घेतलेली कोठी वर्षानुवर्षं टिकली, तर तेवढे पैसे गटाच्या हाती राहतात.