समान नियम, असमान आयुष्य

स्त्रीपुरुष समानतेचा विचार करताना कायद्याच्या शब्दांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके तो ज्यांच्या जीवनात उतरावयाचा त्यांच्या परिस्थितीकडे दिले जात नाही. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९७६ च्या कायद्याने समान कामास समान वेतनाचे तत्त्व मान्य केले. तथापि, स्त्री व पुरुष असा भेद न करणारा नियमही व्यवहारात स्त्रियांवर अधिक भार टाकू शकतो. बंगळूर येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत २०१६ साली आलेला अनुभव हे याचे बोलके उदाहरण होय.

या कारखान्यांतील बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. भविष्यनिर्वाह निधीत दरमहा कामगार आपल्या वेतनातील काही भाग भरतो आणि मालकही आपला वाटा घालतो. नोकरी सुटल्यावर ही रक्कम काढून घेता येत असे. १० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने हा नियम बदलला. मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येऊ नये, असे ठरले. वृद्धापकाळाची तरतूद अबाधित राहावी, हा त्यामागील हेतू वरवर पाहता योग्यच होता.

परंतु कामगार तरुणपणी नोकरीस लागतो व निवृत्तीपर्यंत ती करतो, असे त्यात गृहीत धरलेले होते. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीचे आयुष्य असे सरळ रेषेत जात नाही. बाळंतपण, मुलांचा सांभाळ, घरातील आजारपण यांमुळे तिची नोकरी मध्येच सुटते. अशा वेळी मुलांची फी भरण्यास अथवा कर्ज फेडण्यास हीच शिल्लक कामी येते.

१८ व १९ एप्रिल रोजी हजारो स्त्रिया होसूर रस्ता, पीण्या इत्यादी भागांत रस्त्यावर उतरल्या. काही ठिकाणी हिंसाचारही झाला. १९ एप्रिललाच सरकारने नवा नियम मागे घेतला.

असे असले तरी मूळ प्रश्न त्याने सुटला नाही. आज शिल्लक मोडली, तर म्हातारपणी हात रिकामे राहतात. ती राखून ठेवली, तर आजचा संसार अडतो. पुरेसे वेतन आणि कामाच्या जागी चांगले पाळणाघर मिळाल्यास या कोंडीची धार पुष्कळ कमी होईल. किंबहुना, ज्यांच्यासाठी धोरण आखावयाचे, त्यांच्या आयुष्याचा क्रम आधी जाणून घेणे, ही समानतेची पहिली पायरी होय.