जादूचे नियम आणि कथेचे नियम : मंत्रविद्येला शास्त्र मानणाऱ्या कथात्म साहित्याचा विचार

१

मराठी विज्ञानसाहित्याच्या चर्चेत ‘वैज्ञानिक काय आणि अवैज्ञानिक काय’ हा प्रश्न बहुधा आशयाच्या अंगाने विचारला जातो. कथेत अंतराळयान, संगणक किंवा कृष्णविवर आले की ती विज्ञानकथा. मंत्र, पिशाच किंवा करणी आली की ती अद्भुतकथा अथवा भयकथा, अशी विभागणी अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची ठरते. परंतु या विभागणीत न बसणारा एक कथाप्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत स्थिरावला आहे. त्यात जादू असते, पण ती चमत्कार म्हणून येत नाही. सूत्रे, प्रयोग, अभ्यासक्रम आणि परवाने यांनी बांधलेली एक विद्या म्हणून ती येते. अशी कादंबरी अद्भुत म्हणावी की वैज्ञानिक, हा प्रश्न वर्गीकरणापुरता मर्यादित नाही. वैज्ञानिकता नेमकी कशात असते, हे ठरवण्याची कसोटी त्यातून हाती येते. प्रस्तुत लेखात या कथाप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करून त्या कसोटीवर नारायण धारप आणि जयंत नारळीकर यांच्या लेखनाकडे पाहिले आहे.

प्रारंभीच एक भेद लक्षात घ्यावयास हवा. आर्थर सी. क्लार्क यांचा ‘तिसरा नियम’ या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. ‘प्रोफाइल्स ऑफ द फ्यूचर’ या ग्रंथाच्या १९७३ च्या सुधारित आवृत्तीत आलेल्या या नियमाचा आशय असा, की तंत्रज्ञान फार पुढे गेले तर अनभिज्ञ पाहणाऱ्याला ते जादूसारखे भासेल. येथे विज्ञान जादूसारखे दिसते. आपल्या विचाराचा विषय याच्या उलट दिशेचा आहे. त्यात जादू विज्ञानासारखी वागते. पहिल्यात पाहणाऱ्याच्या अज्ञानाला महत्त्व आहे, तर दुसऱ्यात नियमाच्या ज्ञानाला.

२

या कथाप्रकाराचा वैचारिक पाया मानववंशशास्त्राने घातला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जेम्स फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाऊ’ हा ग्रंथ १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढील आवृत्त्यांतून विस्तारत गेला. त्यात फ्रेझर यांनी जगभरच्या जादूविधींच्या मुळाशी दोन तत्त्वे मानली. साम्याच्या तत्त्वानुसार सारखे सारख्यावर परिणाम करते; शत्रूच्या बाहुलीला टोचले की शत्रूला इजा होते. संसर्गाच्या तत्त्वानुसार एकदा एकत्र असलेल्या वस्तू दूर गेल्या तरी परस्परांशी जोडलेल्या राहतात. म्हणून कापलेली नखे आणि केस जपावे लागतात. मराठी वाचकाला ही दोन्ही तत्त्वे करणी, उतारा आणि दृष्ट यांच्या रूपाने घरबसल्या परिचित आहेत. फ्रेझर यांच्या मते जादूगारही वैज्ञानिकाप्रमाणेच सृष्टी नियमबद्ध आहे असे गृहीत धरतो. त्याचे नियम मात्र चुकीचे असतात.

‘हे नियम खरे असते तर?’ एवढा एकच प्रश्न विचारून कथाकारांनी या विवेचनाचे साहित्यात रूपांतर केले. एल. स्प्रेग द कॅम्प आणि फ्लेचर प्रॅट यांच्या १९४० मधील कथांत हॅरल्ड शी हा मानसशास्त्रज्ञ तर्कशास्त्रीय समीकरणांच्या साहाय्याने नॉर्स पुराणकथांच्या जगात जाऊन पोहोचतो. तेथे त्याच्या खिशातील काड्यापेटी पेटत नाही आणि पिस्तूल चालत नाही, कारण त्या जगाचे निसर्गनियमच वेगळे आहेत. मग त्याला त्या जगाचे नियम शिकून घ्यावे लागतात. या कथा ज्या ‘अननोन’ मासिकात आल्या त्याचे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल हेच काटेकोर विज्ञानकथेचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जाणारे संपादक होते. जादूच्या कथेकडूनही त्यांनी तर्कसुसंगतीचीच अपेक्षा केली.

या धारेचे सर्वांत पूर्ण रूप रँडल गॅरेट यांच्या ‘टू मेनी मॅजिशियन्स’ या कादंबरीत दिसते. १९६६ मध्ये ती कॅम्बेल यांच्याच ‘अ‍ॅनालॉग’ या विज्ञानकथामासिकातून क्रमशः आली. तिच्यातील इतिहास वेगळा आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मधील जखमेतून वाचला, इंग्लंड-फ्रान्सचे संयुक्त साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकले आणि मध्ययुगातच जादूचे नियम गणिती रूपात मांडले गेले. भौतिक विज्ञान मात्र मागे पडले. या जगात लॉर्ड डार्सी हा गुन्ह्यांचा शोध घेतो आणि शॉन ओ लॉक्लन हा मांत्रिक त्याचा न्यायवैद्यक साहाय्यक आहे. मृताच्या शरीरातील गोळी कोणत्या पिस्तुलातून सुटली हे शॉन मंत्रप्रयोगाने सिद्ध करतो, पण खुनी कोण हे त्याला मंत्राने सांगता येत नाही. ते तर्कानेच शोधावे लागते. जादूगारांच्या संमेलनात बंद खोलीत खून होतो आणि तरीही वाचक कोडे सोडवू पाहतो, याचे कारण जादूला काय शक्य नाही हे त्याला सांगितलेले असते. सर्व काही शक्य असते, तर कोडेच उरले नसते.

३

या उदाहरणांवरून जादूला ‘शास्त्र’ म्हणवून घेण्यासाठी कोणती बंधने स्वीकारावी लागतात हे सांगता येते. पहिले बंधन नियमिततेचे आहे. तीच कृती त्याच परिस्थितीत तोच परिणाम घडवेल. नायक संकटात आहे म्हणून मंत्र अधिक प्रभावी होणार नाही. दुसरे मर्यादेचे: मंत्राची पोच कोठे संपते आणि त्याचे मोल काय, हे आधी ठरलेले असेल. तिसरे अपयशाचे: प्रयोग फसू शकेल, आणि फसला तर त्याचे कारण नियमातच शोधले जाईल. चौथे संक्रमणाचे: ही विद्या व्यक्तीच्या पुण्याईवर अवलंबून न राहता दुसऱ्याला शिकवता येईल. गॅरेट पहिली तीन बंधने काटेकोरपणे पाळतात. चौथ्याच्या बाबतीत मात्र ते सवलत घेतात, कारण त्यांच्या जगात जादू करण्यासाठी जन्मजात शक्ती लागते.

या बंधनांचा उपयोग अव्वल इंग्रजी काळातील मराठी कादंबरी तपासतानाही होतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत योगायोग आणि आश्चर्य कथानकाच्या गरजेनुसार येतात. तेथे नियमाची अपेक्षाच नाही, आणि म्हणून नियमभंगाचा दोषही लागत नाही. याउलट देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ (१८८८) या हिंदी कादंबरीतील तिलिस्म अमानवी शक्तीने नव्हे, तर यंत्ररचना आणि औषधी यांच्या योगाने चालते. जादूचे शास्त्र मांडण्याऐवजी जादूच्या जागी कारागिरी आणण्याचा तो मार्ग होता.

४

मराठीत या प्रश्नाशी प्रदीर्घ काळ झुंजलेला लेखक म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८). विज्ञानकथा आणि भयकथा हे दोन्ही प्रकार त्यांनी विपुल प्रमाणात हाताळले. त्यांच्या समर्थकथांचा नायक अमानवी शक्तींशी लढतो, पण तो भगत किंवा देवऋषी नाही. समोरच्या अनिष्टाकडे तो कोप किंवा शाप म्हणून पाहत नाही. अन्य मितींतून आपल्या जगात शिरू पाहणारी एक शक्ती म्हणून तो त्याचा विचार करतो. ‘अनोळखी दिशा’ हे धारपांच्या एका कथासंग्रहाचे शीर्षकही याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी हा नायक १९१० पासून विजेच्या नळ्यांचे संरक्षक मंडल आखून भुतांना सामोरा जात होता. समर्थ हा त्याच कुळातील आहे.

धारपांच्या परिणामकारक कथांत मर्यादेचे बंधन पाळलेले असते. अनिष्ट शक्तीला शिरकाव करण्यासाठी एखादी फट, वेळ किंवा माणसाचा दुबळेपणा लागतो. आणि ती फट कोणती हे कळेपर्यंत भय वाढत जाते. सर्वसमर्थ पिशाच वाचकाला हतबल करील, पण उत्कंठित करणार नाही. संक्रमणाचे बंधन मात्र येथे शिथिल आहे. समर्थाचे सामर्थ्य साधनेतून आलेले आहे. ते अधिकारी व्यक्तीकडून अधिकारी व्यक्तीकडे जाते. परिभाषा विज्ञानाची असली, तरी ज्ञानाची व्यवस्था गुरुपरंपरेची राहते. हा धारपांचा दोष मानण्यापेक्षा मराठी मनातील ‘शास्त्र’ या शब्दाचा द्व्यर्थ म्हणून त्याकडे पाहणे योग्य ठरेल. धर्मशास्त्र, ज्योतिषशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर आधारित आहे. मूळ कादंबरीत रक्तपिपासू पिशाचाविरुद्ध क्रूस आणि पवित्र जल उपयोगी पडतात. ही कथा मराठी मुलखात आणताना श्रद्धेचा संदर्भ बदलणे अपरिहार्य होते. भौतिकशास्त्राचा नियम अमेरिकेतून महाराष्ट्रात येताना बदलत नाही. जादूची साधने मात्र संस्कृतीनुसार बदलावी लागतात. जादू आणि विज्ञान यांतील मूलभूत अंतर रूपांतराच्या या एका गरजेतून स्पष्ट होते.

नारळीकरांची (१९३८–२०२५) वाट वेगळी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनावाने लिहिलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून त्यांच्या विज्ञानसाहित्याचा प्रारंभ झाला. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान उत्खननातून हाती येते आणि त्यातून वामन हा यंत्रमानव निर्माण होतो. पुराणातील वामनाप्रमाणे तो लहानशी मागणी करून सर्व व्यापू शकेल, हा धोका आहे. येथे पुराण रूपकाचे काम करते, स्पष्टीकरणाचे नाही. धारप अद्भुताला विज्ञानाची भाषा देतात. नारळीकर विज्ञानाला पुराणाचे नाव देतात. पण दोघांचीही कथा परिणामकारक होते ती बंधने पाळली जातात तेथेच.

५

अशा साहित्यामुळे अंधश्रद्धा वाढीस लागते, हा आक्षेप ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना वारंवार ऐकावा लागतो. ज्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली त्याच वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या पार्श्वभूमीवर हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

त्याचे उत्तर माढ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील एका परिचित प्रथेच्या साहाय्याने देता येईल. उजनी धरण याच तालुक्यात असले, तरी जेथे कालवा पोहोचत नाही तेथे विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावले जाते. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो किंवा हातातील बेचक्यासारखी फांदी झुकते. या विद्येला कृती आहे, साधन आहे, परंपरा आहे. म्हणजे शास्त्राचे बाह्य रूप पूर्ण आहे. नाही ती केवळ फसलेल्या जागांची मोजदाद. दख्खनच्या बेसाल्ट खडकात झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत पाणी साठते, त्यामुळे अनेक जागी थोडेफार पाणी लागतेच. लागलेले पाणी गावाच्या स्मरणात राहते. कोरडी बोअर शेतकऱ्याच्या कर्जात राहते.

ही मोजदाद कशी करावी हे नारळीकरांनी २००८ मध्ये फलज्योतिषाच्या चाचणीतून दाखवले. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका ओळख न सांगता ज्योतिषांपुढे ठेवण्यात आल्या. प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के निघाले. नाणेफेकीतून याहून कमी यश अपेक्षित नसते.

गॅरेट यांचा शॉन अशा चाचणीला नकार देणार नाही, कारण त्याच्या काल्पनिक जगात जादूने अपयशाची जबाबदारी स्वीकारलेली आहे. जाहिरातीतला बाबा मात्र ‘ऊर्जा’, ‘कंपने’, ‘लहरी’ असे शब्द विज्ञानाकडून उसने घेतो आणि बंधने सोडून देतो. जादूला खरोखर शास्त्र म्हणून मांडणारी कादंबरी वाचकाला नेमके हे अंतर ओळखायला शिकवते. ‘नियम काय? मर्यादा काय? फसले तर काय?’ हे प्रश्न कादंबरीला विचारण्याची सवय लागलेला वाचक तेच प्रश्न पाणाड्यालाही विचारू शकतो.

म्हणून पदव्युत्तर वर्गात अशा कृतींचे वर्गीकरण ‘वैज्ञानिक’ की ‘अद्भुत’ या प्रश्नापाशी थांबू नये. प्रत्येक कृतीत वर सांगितलेली चार बंधने कोठे पाळली आणि कोठे मोडली गेली, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. समर्थकथांपुरता जरी असा तपशीलवार अभ्यास झाला, तरी मराठी भयकथा आणि विज्ञानकथा यांच्यातील सीमा नव्याने आखता येईल. कथेत जादू आली म्हणून ती अवैज्ञानिक ठरत नाही, आणि यंत्र आले म्हणून वैज्ञानिकही ठरत नाही. कथेने स्वतः घालून घेतलेला नियम नायकाच्या सोयीसाठी मोडला, की तेथे तिची वैज्ञानिकता संपते.