तिरुवल्लिकेणीचा वडा, लेनिनग्राडची पिश्का

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत सकाळची पूजा आटोपून माणसे पार्थसारथीच्या देवळातून बाहेर पडतात, तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांत कढया तापलेल्या असतात. इंग्रजांनी या भागाचे ट्रिप्लिकेन केले. मूळ तमिळ नावाचा अर्थ कुमुदिनींचे पवित्र तळे. चेपॉकचे क्रिकेट मैदान जवळच, समुद्रही फार लांब नाही. नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेले तरुण येथे 'मॅन्शन' म्हणवणाऱ्या जुन्या इमारतींतून खोली घेऊन राहतात आणि सकाळचे खाणे कोपऱ्यावरच्या मेसमध्ये उरकतात. इडली, सांबार, वडा आणि शेवटी डबऱ्या-टंबलरमध्ये वरखाली करून फेसाळलेली फिल्टर कॉफी. हाय रोडवरच्या, १९४८ साली सुरू झालेल्या रत्ना कॅफेची इडली तर सांबारात अक्षरशः बुडवलेली असते आणि खाणारे वर आणखी सांबार मागून घेतात.

पण घटकाभर इडली बाजूला ठेवून वडा करणाऱ्या हाताकडे पाहावे. हात पाण्यात बुडतो, उडदाच्या वाटणाचा गोळा बोटांवर येतो, अंगठा मधोमध भोक पाडतो आणि हलकासा झटका बसताच वडा तेलात उतरतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत. वाटण इतके सैल आणि चिकट असते, की कोरड्या हाताने कोणी प्रयत्न केला तर ते हातालाच धरून बसेल. नवख्या सुनेला हे जमायला महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर तिचे वडे भजी म्हणून खपवले जातात.

हीच हातोटी घरी डोनट करणारीच्या फार उपयोगाची आहे. विशेषतः रशियन पद्धतीचे डोनट करायचे असतील, तर तिच्याशिवाय पानही हलत नाही.

भोक हवेच कशाला?

घरी डोनट करायला घेतलेल्या बहुतेकींच्या तक्रारी दोनच. पहिली, बाहेरून छान तांबूस झाला पण आत कच्चा राहिला. दुसरी, कणीक हाताला चिकटत होती म्हणून मैदा घालत गेले आणि शेवटी डोनटऐवजी शिळ्या पावासारखे काहीतरी झाले. मुलांनी एकेक घास खाल्ला, नवऱ्याने "चहात बुडवून बरे लागतात" असे म्हटले, आणि मैद्याचा डबा वर्षभरासाठी फळीवर गेला.

पहिल्या तक्रारीचे उत्तर भोकात आहे. तळताना उष्णता बाहेरून आत शिरते. गोळा भरीव असेल तर ती मध्यापर्यंत पोहोचेतो बाहेरचा भाग करपू लागतो. मधला भाग काढूनच टाकला, की आतूनही तेल लागते आणि कुठूनही मोजले तरी पिठाची जाडी थोडीच राहते. अमेरिकेत याचे श्रेय हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाला देतात. १८४७ साली जहाजावर त्याला कच्च्या मधल्या भागाचा कंटाळा आला आणि त्याने तो कापूनच टाकला, असे सांगतात. सांगोत बिचारे! आपल्याकडे वड्याला भोक पाडणाऱ्या कोणीच त्याचा हक्क सांगितलेला नाही. तमिळ मुलखात तर या भोकाचा आणखी एक उपयोग होतो: त्यातून दोरा ओवून वड्यांची माळ करतात आणि ती मारुतीला घालतात. नामक्कलच्या मारुतीची वडेमाळ प्रसिद्धच आहे.

दुसऱ्या तक्रारीचे उत्तर मात्र रशियाकडून घ्यावे लागते.

मॉस्कोत पोंचिक, लेनिनग्राडमध्ये पिश्का

सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्यांना 'सोव्हिएत देश' हे मासिक आठवत असेल. त्याच्या गुळगुळीत रंगीत पानांची वह्या-पुस्तकांना उत्तम कव्हरे होत. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून स्वस्त आणि देखणी रशियन पुस्तके मराठीत मिळत, तशीच ती मद्रासला न्यू सेंचुरी बुक हाऊसमधून तमिळमध्ये मिळत. त्या पुस्तकांतली मुले बर्फात खेळत, जंगलात जाऊन अळंबी गोळा करत, आणि आपल्या वाचकांना ठाऊक नसलेले काहीबाही खात. निकोलाय नोसोव या बालसाहित्यिकाने तर आपल्या एका खादाड, गोलमटोल पात्राचे नावच पोंचिक ठेवले. पोंचिक म्हणजे रशियन डोनट.

हे मॉस्कोचे नाव. लेनिनग्राडचा, म्हणजे १९९१पासूनच्या सेंट पीटर्सबर्गचा माणूस भोकाच्या डोनटला पोंचिक म्हणत नाही. त्याच्या लेखी ती पिश्का. फुगलेली, लुसलुशीत अशा अर्थाच्या शब्दाशी नाते सांगणारी. पोंचिक म्हणजे त्याच्या दृष्टीने आत मुरंबा भरलेला गोळा. या नावावरून दोन शहरांत थट्टामस्करी चालते. पुणेकर आणि मुंबईकर यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पिश्का मिळण्याचे ठिकाण म्हणजे पिशेच्नाया. लेनिनग्राडमधली सर्वांत नावाजलेली पिशेच्नाया १९५८ साली झेल्याबोव रस्त्यावर सुरू झाली. तो रस्ता आता पुन्हा आपल्या जुन्या नावाने, बोल्शाया कोन्यूशेन्नाया म्हणून ओळखला जातो. सजावट यथातथाच. पदार्थ मुख्यतः एकच: वर पिठीसाखर भुरभुरलेल्या गरम पिश्क्या आणि सोबत मोठ्या भांड्यातून ओतलेली गोड, दुधाळ कॉफी. बोटे पुसायला कागदाचे कापलेले चौकोनी तुकडे. आईचे बोट धरून येथे आलेली मुले पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन येत राहिली.

एवढ्या साध्या पदार्थाचे इतके कौतुक का, असे वाटेल. त्यासाठी थोडे मागे जायला हवे. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी या शहराचा वेढा पुरा केला. तो उठला २७ जानेवारी १९४४ला. ८७२ दिवस. त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबर १९४१मध्ये, मुलांना आणि घरी असणाऱ्यांना दिवसाला मिळणारा पाव होता १२५ ग्रॅम, आणि तोही पुरता धान्याचा नव्हता. लाखो माणसे उपासमारीने गेली. १९५८मध्ये त्या पिशेच्नायात रांग लावून उभ्या राहिलेल्या बाईने अवघ्या सोळा-सतरा वर्षांपूर्वी तो पावाचा तुकडा चार जणांत वाटलेला असण्याची शक्यता बरीच होती. पांढऱ्या पिठाचे, तेलात तळलेले, वर साखर घातलेले काहीतरी गरम गरम, पोटभर! लेनिनग्राडमध्ये पिश्केची किंमत पैशांत मोजून भागत नसणार.

कणीक नव्हे, सैल पीठ

पिश्केची सर्वांत साधी घरगुती कृती पाहिली, तर तिच्यात अंडे नाही, लोणी नाही, दूधही नसले तरी चालते. मैदा, पाणी, यीस्ट, साखर, मीठ आणि थोडे तेल. तिरुवल्लिकेणीच्या अय्यंगार घरातल्या मामींनाही यात खोट काढता येणार नाही. गुपित आहे ते पाण्याच्या प्रमाणात. पीठ पोळीच्या कणकेसारखे मळायचेच नाही. ते इतके सैल ठेवायचे, की लाटणे चालणार नाही आणि साच्याने कापताही येणार नाही. पिशेच्नायात यंत्र या पिठाची कडी थेट तेलात सोडते. घरी ते काम बोटांनी करायचे, वड्याच्या पद्धतीने. फरक इतकाच, की हाताला पाण्याऐवजी तेल लावायचे.

बाराएक पिश्क्यांसाठी पाव किलो मैदा चाळून घ्यावा. त्यात एक चहाचा चमचा कोरडे इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ मिसळावे. पाऊण कप कोमट पाणी घालून लाकडी चमच्याने घोटावे, मग एक मोठा चमचा तेल घालावे आणि लागेल तसे आणखी दोन-तीन चमचे पाणी. पाणी कोमट म्हणजे बोटाला सुखावेल इतके. कडकडीत पाण्याने यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही. पाच-सात मिनिटे चमच्याने उचलून आपटत राहिले, की पिठाला तार सुटते. ते चिकट दिसेल. दिसू द्यावे. येथेच बहुतेकींचा धीर सुटतो आणि मूठभर मैदा आणखी पडतो. तो पडू देऊ नये.

भांडे झाकून ठेवावे. चेन्नईच्या उकाड्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होईल. नाशिक-पुण्याच्या थंडीत दीड तासही लागेल. घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. वड्याचे वाटण हलके झाले का, हे पाहायला त्याचा थेंब पाण्यात टाकतात आणि तो तरंगला की कढई चढवतात. यीस्टच्या पिठाची खूण वेगळी: वर बुडबुडे दिसतात आणि भांडे हलवले की सारे पीठ थुलथुलते.

कढईत तेल भरपूर घ्यावे, पिश्का तरंगायला जागा हवी. आच मध्यम. पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकला असता तो क्षणभर खाली राहून मग बुडबुड्यांसह वर आला, तर तेल बरोबर तापले. लगेच उसळून काळपटू लागला, तर तेल फार तापले. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनी १७५ अंश सेल्सिअस धरावे.

आता हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा घ्यावा, अंगठ्याने भोक पाडावे आणि ते चांगले रुपयाच्या नाण्याहून मोठे करावे, कारण तळताना पीठ फुगते आणि भोक आक्रसते. कडी अलगद, कढईच्या कडेने सोडावी. पहिल्या दोन-तीन वेड्यावाकड्या होतीलच. त्या करणारीने स्वतःच खाव्यात, म्हणजे पुरावा राहत नाही. एका बाजूला दीड-दोन मिनिटे, मग उलटून तितकेच. उलटायला विणकामाची सुई किंवा लांब काडी उत्तम, भोकातून घालता येते. नीट फुगलेली पिश्का तेलात निम्मी वर राहते, म्हणून तिच्या कमरेवर फिकट पट्टा उमटतो. तो दिसला, की समजावे पीठ हलके झाले होते.

कागदावर काढून मिनिटभर थांबावे आणि मग पिठीसाखर चाळणीने भुरभुरावी. अगदी कढत असताना घातली तर साखर वितळून ओली होते, गार झाल्यावर घातली तर चिकटत नाही.

चक्का-पनीरचे गोळे

ज्यांना यीस्टची वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी रशियन घरांत दुसरा प्रकार असतो: त्वोरोगचे पोंचिक. त्वोरोग म्हणजे दूध आंबवून, पाणी काढून मिळणारा पांढरा भुसभुशीत गोळा. आपला चक्का आणि पनीर यांच्या मधला. घरी केलेले ताजे पनीर २०० ग्रॅम घेऊन हाताच्या तळव्याने अगदी मऊ करावे, जसे रसगुल्ल्यासाठी करतात. त्यात एक अंडे, तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, वेलची, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि गोळा वळता येईल इतका, साधारण सव्वाशे ग्रॅम, मैदा घालावा. चक्का वापरला तर तो आंबट आणि ओला असतो. मग बेकिंग पावडरऐवजी पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो आणि मैदा थोडा जास्त लागतो.

या गोळ्यांना भोक नसते, म्हणून ते लहानच हवेत, सुपारीपेक्षा थोडे मोठे. येथे हयगय करू नये. मोठ्या गोळ्यात वाफ कोंडते आणि तो कढईत फुटून गरम तेल उडते. पनीरच्या गुठळ्या राहिल्या तरी तीच भीती. मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवावे, गोळे वळून देण्याचे काम मात्र त्यांना आधी जरूर द्यावे. आच गुलाबजामाला ठेवतो तशी मंद, कारण साखर लवकर रंग धरते. उरलेले तेल गाळून एखाद्या वेळी फोडणीला वापरावे. काळे पडलेले किंवा धुरकट वास येणारे तेल टाकून द्यावे, त्यात पुन्हा तळू नये.

दोन्ही प्रकारांत एक खोड आहे. पिश्का टिकत नाही. तासाभरात ती चिवट होऊ लागते आणि संध्याकाळपर्यंत रबरासारखी. म्हणून लेनिनग्राडचे लोक ती घरी नेण्यापेक्षा तेथेच उभ्याने संपवतात, तिरुवल्लिकेणीत वडा संपवतात तशी. घरी पाहुण्यांसाठी करायची असेल, तर पीठ आधी फुगवून तयार ठेवावे आणि पाहुणे चपला काढू लागले, की कढईखालचा गॅस पेटवावा. कॉफीचे दूध दुसऱ्या शेगडीवर.