पाणी तपासताना उरणारा पारा

रामकुंडाजवळून किंवा तपोवनाच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पाण्याचा नमुना भरून प्रयोगशाळेत आणला, की त्यावर होणाऱ्या चाचण्यांत एक हमखास असते. तिचे नाव सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी. पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने पूर्ण जाळायची झाली तर किती प्राणवायू लागेल, हे ती सांगते. आकडा जितका मोठा तितके पाणी घाण. कारखान्याने किंवा मलजल शुद्धीकरण केंद्राने नदीत सोडलेले पाणी नियमात बसते की नाही, हे ठरवताना हा आकडा पाहिला जातो. नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी देशातली सर्वसाधारण मर्यादा लीटरला 250 मिलिग्रॅम आहे.

गंमत अशी, की नदीचे प्रदूषण मोजणारी ही चाचणी स्वतःच एक जहाल कचरा तयार करते. मोजमापाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

जुन्या, म्हणजे चंबू उकळत ठेवण्याच्या पद्धतीत 50 मिलिलीटर नमुना घेतात. त्यात 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, 25 मिलिलीटर पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण आणि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेले 75 मिलिलीटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. हे मिश्रण दोन तास उकळते. डायक्रोमेट घाणीला जाळतो, चांदी त्या कामाला वेग देते. थंड झाल्यावर त्यात जवळपास तेवढेच पाणी घालून, किती डायक्रोमेट शिल्लक राहिला हे ब्युरेटने मोजतात. आकडा वहीत उतरतो आणि चंबूत उरते तीनशे मिलिलीटरच्या आसपास आम्लधर्मी, हिरवट-तांबूस पाणी. त्यात पारा, क्रोमियम आणि चांदी असते.

यातला पारा सर्वांत चिवट. तो घालावा लागतो तो क्षारामुळे. पाण्यातल्या मिठाचे क्लोराइड चांदीला निकामी करते आणि स्वतःही जळून आकडा फुगवते. पारा त्या क्लोराइडला धरून ठेवतो. 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये निव्वळ पारा असतो 676 मिलिग्रॅम. ताप पाहायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण एवढाच असायचा. तो फुटला तर घरात धावपळ उडे. इथे प्रत्येक चंबूत तेवढा पारा मुद्दाम घातला जातो.

पिण्याच्या पाण्यात पारा लीटरला 0.001 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे एका चंबूतला पारा 6 लाख 76 हजार लीटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतो. रोज दहा चंबू आणि वर्षाचे 300 दिवस असा हिशेब केला, तर पारा दोन किलोच्या वर जातो. सांडपाण्यासाठीची पाऱ्याची मर्यादा थोडी सैल आहे, लीटरला 0.01 मिलिग्रॅम. चंबूतले उरलेले पाणी त्याच्या सुमारे दोन लाख पट असते.

हे पाणी बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडला तर काय होईल? गटारातून ते मलजल शुद्धीकरण केंद्रात पोहोचेल. नाशिकमध्ये तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. तिथले जिवाणू मैल्यातील सेंद्रिय पदार्थ खातात. पारा हे मूलद्रव्य आहे, त्याला खाऊन संपवणारा जिवाणू नाही. तो काही गाळात बसतो, काही बाहेर पडतो. नदीच्या किंवा खाडीच्या तळाशी काही जिवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी करतात, आणि ते माशांच्या अंगात साठत जाते. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच समुद्रात गेले आणि 1956 मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. हातपाय लुळे पडणे, नजर जाणे, आणि आईला फारशी लक्षणे नसताना पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होणे ही त्याची रूपे. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. नदीच्या आधी धोका असतो तो चंबू धुणाऱ्या परिचराला. त्याच्या हातात मोजे आहेत का आणि खोलीत हवा खेळती आहे का, हे कुठल्याच तपासणी अहवालात येत नाही.

नाशिकमध्ये हा विषय आता अधिक जवळचा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक प्रयोगशाळा इथे आहे, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि विज्ञान महाविद्यालयांतील पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी गोदावरी हाकेच्या अंतरावर आहे. 2027 च्या सिंहस्थामुळे नदीचे नमुने अधिक वेळा तपासले जाणार, हे उघड आहे. ते तपासलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की त्यासाठी किती पारा खर्ची घालायचा.

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पहिलेच असे, की कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे. सीओडीच्या बाबतीत हे अगदी साध्या मार्गाने साधते : भांडे लहान करायचे. बंद नळीच्या पद्धतीत 2.5 मिलिलीटर नमुना पुरतो. रसायने धरून एकूण ऐवज साडेसात मिलिलीटर, आणि मर्क्युरिक सल्फेट फक्त 50 मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या पद्धतीच्या विसाव्या भागाइतके. झाकण लावलेल्या नळ्या तापवण्याच्या ठोकळ्यात दोन तास ठेवायच्या. वर्षाचा दोन किलो पारा शंभर ग्रॅमच्या आसपास येतो. ही पद्धत नवीन नाही, प्रमाणित पद्धतींच्या पुस्तकांत ती आहेच.

आणखी एक बचत सहसा कुणी मोजत नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक चंबूवर कंडेन्सर असतो आणि वाफ थंड करायला त्यातून नळाचे पाणी सतत वाहते. मिनिटाला अर्धा लीटर धरला तरी दोन तासांत एका कंडेन्सरमागे 60 लीटर चांगले पाणी मोरीत जाते. 50 मिलिलीटर घाण पाणी तपासण्यासाठी! बंद नळीला हे पाणी लागतच नाही. चंबूच वापरायचा असेल तर छोटा पंप लावून तेच पाणी फिरवता येते.

चंबू न बदलताही पारा कमी करता येतो. 1 ग्रॅमचे प्रमाण लीटरला 2,000 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असलेल्या पाण्यासाठी आहे. नियम इतकाच, की मर्क्युरिक सल्फेट क्लोराइडच्या दहापट असावे. पिण्याच्या पाण्यातली क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा आहे 250. नदीचे पाणी त्या मर्यादेत असेल तर 125 मिलिग्रॅम, म्हणजे आठवा हिस्सा पुरतो. अर्थात आधी क्लोराइड मोजावे लागते, आणि त्याच्या नेहमीच्या चाचणीत सिल्व्हर नायट्रेट आणि थोडे क्रोमेट लागते. तरी हा सौदा फायद्याचाच.

जो कचरा होणारच, तो पहिल्या थेंबापासून वेगळा ठेवायचा. पाणी घालून पातळ केलेल्या पाऱ्याला प्रक्रिया केलेला म्हणता येत नाही, त्याने फक्त घातक कचऱ्याचा आकार वाढतो. आम्ल सहन करणारा कॅन, त्यावर आत काय आहे आणि कधीपासून आहे याची चिठ्ठी, आणि खाली दुसरे पसरट भांडे. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तो अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. राज्यात तळोजा आणि रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत. मोठ्या प्रयोगशाळेला हे जमते. महिन्याला एखादा कॅन भरणाऱ्या महाविद्यालयासाठी स्वतंत्र गाडी परवडत नाही, म्हणून शहरातल्या चार-पाच संस्थांनी मंडळाच्या परवानगीने एकच फेरी ठरवणे अधिक व्यवहार्य. कॅनमधली चांदी वेगळी काढता येते. जादा मीठ घातले, की ती पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते. पण हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे.

पारा पूर्ण टाळणारे मार्गही आहेत. सेंद्रिय कार्बन थेट मोजणारी यंत्रे आहेत, अतिनील प्रकाशाचे किती शोषण होते यावरून अंदाज देणारे संवेदक आहेत. ती महाग आहेत, हे एक. दुसरी अडचण कागदावरची आहे : मर्यादा सीओडीत लिहिलेली असल्यामुळे वाद उभा राहिला तर सीओडीचाच आकडा दाखवावा लागतो. तोवर छोटी नळी हाच जवळचा उपाय. तिलाही एक पथ्य आहे. अडीच मिलिलीटरमध्ये मैल्याचा एखादा कण जास्त आला तर आकडा भलताच येतो. त्यामुळे गढूळ नमुना आधी मिक्सरमध्ये फिरवून एकजीव करून घ्यावा लागतो. पाऱ्याचा खर्च विसाव्या भागावर आणण्यासाठी लागणारी जादा मेहनत ती एवढीच.