सुरीवरचे नाव

चाकू आणि सुरी हे दोन शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. आजच्या विषयापुरता आपण त्यांत भेद करू. ज्याचे पाते मिटून मुठीत जाते तो चाकू. जिचे पाते मुठीत कायमचे बसविलेले असते आणि जिला म्यान लागते ती सुरी. अशा सुऱ्या एखाद्या कारागिराकडून सांगून करवून घेणे, त्यांचा संग्रह करणे आणि त्या कमरेला बाळगणे हा अमेरिकेत पुष्कळ लोकांचा षौक आहे. कामगारांच्या सभांत आयुष्य गेलेल्या माणसाने असल्या षौकाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आम्हांला पात्यापेक्षा पात्यावर उमटविलेल्या नावाचे कुतूहल अधिक आहे. वस्तू घडविणाऱ्याचे नाव वस्तूवर असावे की नाही, आणि असले तर त्या नावाची किंमत कशावरून ठरवावी, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव शतकानुशतके सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध. तेथील कारागिरांचा संघ 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. प्रत्येक उस्तादाने आपली खूण संघाकडे नोंदवावी आणि ती पात्यावर उमटवावी, अशी व्यवस्था होती. माल वाईट निघाला तर जबाबदार कोण हे त्या खुणेवरून कळे. पुढे धंदा वाढला, कारखाने आले आणि कामाचे तुकडे पडले. एकाने पाते ठोकावयाचे, दुसऱ्याने त्याला धार काढावयाची, तिसऱ्याने मूठ बसवावयाची. पात्यावर नाव उरले ते कारखानदाराचे किंवा व्यापाऱ्याचे.

धार काढणाऱ्या कामगाराच्या वाट्याला काय आले? तो फिरत्या दगडी चाकावर ओणवा होऊन काम करी आणि दगडाची व लोखंडाची धूळ दिवसभर त्याच्या छातीत जाई. एंगल्सने 1845 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथात शेफील्डच्या एका डॉक्टरची साक्ष दिली आहे. तिच्याप्रमाणे, कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे आयुष्य सरासरीने जेमतेम 35 वर्षे, आणि ओल्या चाकावर काम करणारा क्वचितच 45 च्या पुढे जाई. मालकाला नाव आणि कामगाराला धूळ, अशी ही वाटणी होती. याच शेफील्डच्या सुऱ्या जहाजांतून अमेरिकेला जात, आणि तेथील शिकारी व वसाहतवाले त्या कमरेला लावून हिंडत.

पुढे अमेरिकेतही मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि स्वस्त सुऱ्या दुकानोदुकानी मिळू लागल्या. अशा काळात मिशिगन राज्यात विल्यम स्कॅगेल नावाचा एक कारागीर आपल्या लहानशा कारखान्यात स्वतःच्या हाताने सुऱ्या घडवीत होता. 1930 नंतरच्या दशकात फ्लॉरिडातील एक संत्रीबागाईतदार, डब्ल्यू. डी. रँडल, याने तेथे एक माणूस सुरीने नावेचा जुना रंग खरवडताना पाहिला. इतके धसमुसळे काम करूनही सुरीची धार शाबूत होती. ती सुरी स्कॅगेलची होती. रँडलने ती विकत घेतली आणि घरी जाऊन स्वतः तशी सुरी करण्याचा उद्योग आरंभिला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी त्याच्याकडे इतक्या मागण्या पाठविल्या की छंदाचा धंदा झाला.

1953 साली रॉबर्ट लव्हलेस या तरुण खलाशाला रँडलची सुरी हवी होती. न्यूयॉर्कच्या दुकानात त्याला सांगण्यात आले की काही महिने थांबावे लागेल. तो थांबला नाही. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या पट्टीतून त्याने आपली सुरी आपणच केली. आणि पुढे त्याच दुकानाने त्याच्या सुऱ्या विक्रीस ठेवल्या. टोकाकडे पाठ हळूहळू खाली उतरत जाणारी, शिकार सोलण्यास सोयीची अशी जी सुरी आज सर्वत्र दिसते, ती लोकप्रिय करण्याचे श्रेय बव्हंशी लव्हलेसकडे जाते. जेट विमानांच्या इंजिनांसाठी निघालेले पोलादही त्याने सुरीला आणले. तो 2010 साली वारला.

आता सुरी होते कशी ते पाहू. तिच्या दोन रीती आहेत. पहिली लोहाराची: पोलाद भट्टीत लाल करावयाचे आणि ऐरणीवर ठोकून आकाराला आणावयाचे. दुसरी घासण्याची: पोलादाची तयार पट्टी घ्यावयाची आणि नको तो भाग कापून, घासून काढून टाकावयाचा. लव्हलेसचे नाव या दुसऱ्या रीतीशी जोडले गेले आहे. रीत कोणतीही असो, खरी परीक्षा पाणी देताना होते. साधे कार्बनचे पोलाद सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडविले की ते अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. कठीणपणा फार ठेवला तर पाते तुटते, फार उतरविला तर धार टिकत नाही. बाहेरून दोन्ही पाती सारखीच चकचकीत दिसतात. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी न दिसणारा हा गुण कारागिराच्या नावावर विश्वास ठेवूनच घ्यावा लागतो.

या कारागिरांनी आपापल्या संघटनाही उभारल्या. 1970 साली सुरी करणाऱ्यांचा एक संघ निघाला. 1973 साली बिल मोरन याने पोलादाचे थर एकमेकांत जोडून लाटांची नक्षी उमटलेली पाती प्रदर्शनात मांडली. या पात्यांना ‘दमास्कस’ म्हणतात. पण आपल्या दख्खनेत आणि दक्षिण भारतात मुशीत गाळून होणारे आणि इराणकडे जाणारे नामांकित पोलाद ते वेगळे. त्याची नक्षी थर जोडून आलेली नसे, धातूच्या आतूनच उमटत असे. मोरन आणि त्याच्या सोबत्यांनी 1976 साली लोहारकाम करणाऱ्यांची निराळी सभा स्थापिली.

या सभेची परीक्षा आम्हांस फार उद्बोधक वाटते. उमेदवाराने स्वतः घडविलेली सुरी घेऊन यावे. वरून मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडावा. मग दोन इंच बाय चार इंचांचे लाकूड दोनदा तोडून दाखवावे. एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी पाते व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवावे, आणि ते मोडता कामा नये. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण होणारी सुरी कामातून जाते! ती कपाटात ठेवण्याजोगी राहत नाही, पण तिने घडविणाऱ्याच्या नावाला आधार दिलेला असतो. सुंदर मूठ, मऊ चामड्याचे म्यान, पात्याची झिलई यांचाही विचार होतो, परंतु तो नंतर. आधी काम, मग शोभा.

येथे संग्राहकाचा प्रश्न येतो. संग्राहकाचे ऋण कारागिरावर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कारखान्यातल्या सुरीच्या कित्येक पट दाम मोजणारे लोक नसते तर ही विद्या केव्हाच बुडाली असती. पण पुढे काय होते? सुरी येते ती थेट तिजोरीत जाते. तिने कधी दोर तोडला नाही, फळ चिरले नाही. तिला हात लावला तर तिची किंमत उतरते. घडविणारा म्हातारा झाला की भाव चढतो, वारला की आणखी चढतो. लव्हलेसच्या काही सुऱ्या हजारो डॉलरना विकल्या गेल्या. आणि नाव इतके महाग झाल्यावर त्याच्या नावाचे खोटे शिक्के मारलेल्या सुऱ्याही बाजारात आल्या. जे नाव कामाची साक्ष म्हणून उमटविले होते, तेच विकाऊ माल झाले. चढलेल्या भावातला वाटा घडविणाऱ्याला मिळत नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात विकणाऱ्याला मिळतो. आणि चाकाची धूळ? ती आजही आहे. पोलादाची, लाकडाची, हाडाची बारीक धूळ आजही छातीतच जाते. नाकातोंडावर चांगला मुखवटा आणि धूळ ओढून घेणारा पंखा नसेल तर स्वतंत्र कारागीरही शेफील्डच्या वाटेनेच जावयाचा. आपणच मालक आणि आपणच कामगार असलेल्या या माणसाच्या आजारपणाची रजा कोण भरून देणार?

बाळगण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. अमेरिकेत याचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. टेक्सासने 2017 साली साडेपाच इंचांहून लांब पात्यांवरची बंधने पुष्कळ सैल केली, पण शाळांसारख्या जागा वगळल्या. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धारेचा मिटणारा खिशातला चाकू चालतो. सुरी मात्र सार्वजनिक जागी बाळगावयाची तर सबळ कारण दाखवावे लागते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत घातल्या आहेत. त्यांतून घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी केलेली पाती मात्र वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्रात 1951 च्या पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाचा हुकूम निघाला की तलवार-सुरीच काय, काठीसुद्धा बाळगता येत नाही. मोर्चे काढणाऱ्या आम्हां मंडळींना हे कलम तोंडपाठ असते. झेंड्याच्या काठीचाही विचार करावा लागतो!

हे कायदे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पात्याची लांबी प्रत्येक जण निराळी मोजतो, पण ब्रिटनने आणि आपण विचारलेला प्रश्न एकच आहे: ही सुरी कोणत्या कामासाठी? कोळी, खाटीक, माळी, चांभार यांना उत्तर शोधावे लागत नाही. शिकाऱ्याला आणि रानात तंबू ठोकणाऱ्यालाही ते देता येते. ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याच्या कमरेला लटकलेली सुरी इतरांच्या मनात फक्त भीती उत्पन्न करते. तिचे म्यान कितीही कुशल हाताने शिवलेले असो, तिने घडविणाऱ्याचे नाव वाढत नाही.

म्हणून संग्राहकांना आमचे एवढेच सांगणे आहे. दहा सुऱ्या असतील तर त्यांतील एक तरी वापरा. तिने भाकरीबरोबरचा कांदा चिरा, दोर कापा, ती बोथटली की तिला धार लावा. ज्याने ती घडविली तो हयात असेल तर त्याला कळवा की पाते कसे चालले, कोठे कमी पडले. कारागिराला पैशाइतकीच याचीही भूक असते. शेफील्डच्या कामगाराला ते कधी मिळाले नाही, कारण सुरी कोणी केली हे वापरणाऱ्याला ठाऊकच नव्हते. आज ते ठाऊक आहे. पात्यावर नाव आले आहे. त्याला काम देणे आपल्या हाती आहे.