पैठणी, सपाता आणि चार टायर

गेल्या वर्षी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आटोपून आम्ही घरी निघालो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मागच्या सीटवर पुण्याहून आलेली आई, आणि तिच्या मांडीवर उरलेल्या फराळाचा डबा. बाहेर ३४ अंश फॅरनहाइट. लेक ईरीवरून वारा सुटलेला आणि वरून जे पडत होतं ते पाऊस की बर्फ, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. क्लीव्हलंडकरांना हा प्रकार नवा नाही.

हायवेवरून उतरताना वळण आलं. वेग जेमतेम पंचवीस मैल. आमच्यापैकी एक जण चालवत होता आणि दुसरी शेजारच्या सीटवरून नेहमीप्रमाणे सूचना देत होती. स्टिअरिंग वळलं, पण गाडी काही वळली नाही. ती आपली शांतपणे सरळ निघाली आणि कडेच्या काँक्रीटच्या काठावर आपटून थांबली. देवाच्या दयेने कुणाला लागलं नाही. चिवडा मात्र गाडीभर झाला.

गाडीचं थोडं सांगायला हवं. १९८८ साली ह्या देशात आलो तेव्हा आमची पहिली गाडी आठशे डॉलरची होती. तिचे टायर इतके तुळतुळीत होते की त्यात तोंड दिसलं असतं. तेव्हाच ठरवलं होतं की मुलगी शिकून मार्गी लागली की एक चांगली गाडी घ्यायची. शेवटी दोन वर्षांपूर्वी घेतली. जर्मन बनावटीची सेडान, पाच वर्षं वापरलेली, पण लेदरच्या सीट्स, थंडीत गरम होणारं स्टिअरिंग, सगळा थाट. घेताना इंजिन दाखवून घेतलं, ब्रेक दाखवून घेतले, गाडीचा इतिहास काढला. टायरकडे फक्त एक नजर टाकली. खाचा खोल होत्या. म्हटलं, छान!

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली वाकून पुन्हा पाहिलं. पेनीचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घालायचं. डोक्याचा माथा दिसला तर टायर संपला, ही परीक्षा आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. आमचे चारही टायर त्यात उत्तम गुणांनी पास! मग गाडी घसरली कशी?

उत्तर दिलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. वय ऐंशीच्या पुढे, आणि सगळी नोकरी ॲक्रनच्या टायर कारखान्यात गेलेली. ॲक्रन आमच्यापासून चाळीसेक मैलांवर. गुडइयर १८९८ मध्ये तिथे सुरू झाली, फायरस्टोन १९०० मध्ये. एके काळी ह्या गावाला जगाची रबर राजधानी म्हणत. आजोबा हळूच गुडघ्यावर बसले, टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ह्यावर एम प्लस एस कुठे आहे?”

कुठेच नव्हतं. एम प्लस एस म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. ऑल-सीझन टायरवर ती अक्षरं असतात. आमच्या गाडीवर होते उन्हाळी परफॉर्मन्स टायर! वेगवान, दिमाखदार सेडान गाड्यांवर असे टायर बऱ्याचदा येतात, किंवा हौशी मालक बसवून घेतात. उन्हाळ्यात त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाची नाही. पण त्यांचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं. तापमान ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ७ सेल्सियसच्या खाली उतरू लागलं की ते कडक होत जातं. आईला आम्ही समजावून सांगितलं, “थंडीत तूप थिजतं ना, तसं.” खाचा कितीही खोल असल्या तरी थिजलेलं रबर रस्त्याला धरणार कसं?

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे पैठणी नेसायची आणि पायात रबरी सपाता घालून दगडावरून चालायचं, तसंच झालं की रे हे!”

ह्यापेक्षा नेमकं आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. गाडी कितीही महागाची असो, रस्त्याला टेकलेले असतात ते तळहाताएवढे रबराचे चार तुकडे. उत्तम ब्रेक, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सगळं काही शेवटी त्या चार तुकड्यांमार्फतच काम करतं. “आमची ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, आम्हाला काळजी नाही,” असं आपल्या कार्यक्रमांच्या पार्किंगमध्ये नेहमी ऐकू येतं. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी बर्फातून निघते लवकर, हे खरं. पण ती थांबते आणि वळते टायरच्याच पकडीवर.

मग सुरू झाला नवीन टायरचा शोध. लग्नाचं स्थळ शोधताना केली नसती एवढी चौकशी आम्ही केली! त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमचे तरी दोन शनिवार वाचतील.

पहिली गोष्ट म्हणजे टायरच्या बाजूवरची पत्रिका वाचायला शिका. आमच्या टायरवर होतं २४५/४५ आर १८ १०० व्ही. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. १०० हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ एक टायर ८०० किलो पेलू शकतो. एका दुकानदाराने आम्हाला त्याच मापाचा, पण ९६ आकड्याचा टायर स्वस्तात देऊ केला. ९६ म्हणजे ७१० किलो. चार आकड्यांचा फरक दिसायला किरकोळ, पण एका चाकामागे ९० किलो, म्हणजे एक चांगला धष्टपुष्ट पाहुणा कमी! गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल त्याच्या खाली जाऊ नये. शेवटचं व्ही हे अक्षर वेगाचं, ताशी १४९ मैलांपर्यंत. आपण एवढ्या वेगाने कधी जात नाही, खरंय. पण आजोबा म्हणाले की ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो आणि त्याची बांधणी कशी आहे, हेही सांगतं. गाडीला व्ही सांगितलं असेल तर ऑल-सीझनमध्ये त्याहून खालचा घेऊ नका.

दुसरी गोष्ट टायरच्या वयाची. बाजूवर डीओटी ह्या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वाण्याकडून डाळ घेताना तारीख पाहणारे आपण, मग टायर घेताना का पाहू नये?

तिसरी गोष्ट अशी की ऑल-सीझन हे एका टायरचं नाव नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. त्याचा जन्मही आमच्या ॲक्रनचाच. गुडइयरने १९७७ साली टिएंपो नावाचा ऑल-सीझन रेडियल बाजारात आणला, आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट कोट्यवधी लोकांनी सोडून दिली. आज सेडानसाठी त्यात मुख्यतः तीन शाखा दिसतात. ग्रँड टूरिंग हे शांत, मऊ आणि पुष्कळ मैल चालणारे. अल्ट्रा हाय परफॉर्मन्स हे कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर घट्ट धरणारे, स्टिअरिंगला चटकन दाद देणारे, पण थोडे लवकर झिजणारे. तिसरे ऑल-वेदर, ह्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. नुसतं एम प्लस एस हे खाचांच्या रचनेवरून मिळतं, त्यासाठी बर्फावर परीक्षा लागत नाही. डोंगराचं चित्र मिळवायला मात्र बर्फावर परीक्षा द्यावी लागते. पण तीही दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे खेचण्याची, ब्रेक लावण्याची नव्हे. हे लक्षात असू द्या.

बाजूवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर अशी सरकारी प्रतवारीही असते. त्यातला ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला बरा. ट्रॅक्शनची परीक्षा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून होते. वळणाचं त्यात काही नाही, आणि बर्फाचंही नाही.

शेवटी आमच्या यादीत दोन नावं उरली, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस. आम्ही घेतले तेव्हा पहिल्याला ४५,००० मैलांची हमी होती, दुसऱ्याला ५०,००० ची. दोन्ही नावाजलेले. आम्ही दुसरा घेतला, आणि कारण ऐकून हसाल. त्याच्या खाचांमध्ये डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरलेली असतात, ड्राय, वेट आणि स्नो. झिजता झिजता आधी एस पुसलं जातं, म्हणजे आता बर्फात भरवसा ठेवू नका. मग डब्ल्यू जातं, म्हणजे पावसातही जपून. आमच्यासारख्या विसराळू माणसांना टायर स्वतःच आठवण करून देतो!

आमच्या जुन्या टायरची आणखी एक गंमत होती. ते रन-फ्लॅट होते, म्हणजे हवा गेली तरी काही मैल हळू चालवता येणारे. त्यामुळे डिकीत स्टेपनीच नाही! (स्टेपनी हा आपला लाडका शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्याचा. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्लंड-अमेरिका तो शब्द विसरली, आपण मात्र जपून ठेवला.) नवे टायर साधे घेतले, म्हणून आता डिकीत हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर भरायचा डबा ठेवला आहे.

बसवणावळ, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून साडेअकराशे डॉलर गेले. “दोनच बदलले तर?” असा मध्यमवर्गीय प्रश्न आमच्याही मनात आलाच. दोनच बदलायचे झाले तर नवे नेहमी मागे बसवायचे, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट सुटतं. पण आमच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. पुढे हिवाळा आणि मागे उन्हाळा, अशी गाडी चालवायची नसते.

इथवर सगळं ठीक झालं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

आमची मुलगी बफेलोला हॉस्पिटलात रेसिडेंट आहे. रात्रपाळ्या करते, पहाटे घरी जाते. तिला फोनवर हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि म्हटलं, तुझ्या गाडीलाही असेच घेऊन टाकू. ती म्हणाली, “बाबा, माझ्या गाडीला ऑल-सीझन आहेतच की. त्याचं काय?”

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही राहतो क्लीव्हलंडच्या पश्चिमेला, जिथे पूर्वेच्या चार्डनसारख्या गावांपेक्षा बर्फ पुष्कळ कमी पडतो. आम्ही आता निवृत्त. रस्ते साफ नसले तर घरी बसून चहा पिऊ शकतो. आमच्यासाठी परफॉर्मन्स ऑल-सीझन ही योग्य तडजोड आहे. पण तडजोडच! मुलीला “आज बर्फ आहे, येत नाही” असं म्हणता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोत हिमवादळाने कितीतरी लोकांचे जीव घेतले. तसल्या वादळात कुठलाच टायर वाचवत नाही, तेव्हा घरातच राहायचं. पण एरवीच्या शंभर बर्फाळ पहाटांना जो फरक पडतो तो टायरचाच. शेजारच्या कॅनडात, क्विबेक प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ते लोक काही उगीच खर्च करत नाहीत.

म्हणून तिला खरे हिवाळी टायर घेतले, वेगळ्या साध्या लोखंडी रिमवर. थँक्सगिव्हिंगच्या आधी चढवायचे, एप्रिलमध्ये काढायचे. एक जोडी चालताना दुसरी झिजत नाही, त्यामुळे पैसाही अगदी वाया जात नाही. आमची गाडी दिमाखाची आणि तिची साधी, पण चांगले बूट तिच्या गाडीला हवे होते. हे आधी सुचायला हवं होतं, असं आम्हा दोघांना वाटत राहिलं.

एक शेवटची गोष्ट हवेची. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पौंडाने कमी होते. सप्टेंबरात ७० अंश असताना ३५ पौंड भरलेली हवा जानेवारीत १० अंशांना २९ वर येते. डॅशबोर्डवरचा दिवा साधारणपणे २५ टक्के घट झाल्यावर लागतो, म्हणजे २६ च्या आसपास. तोवर तो गप्प! तेव्हा दिव्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना मोजा. आणि आकडा दाराच्या चौकटीवरचा घ्या. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो.

जानेवारीतला पहिला चांगला बर्फ पडल्यावर आम्ही शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. वीस मैलांनी जाऊन ब्रेक दाबला, मग वळवून पाहिली. थोडी घसरली, पण वळली. मागून आई म्हणाली, “आता डबा खाली ठेवू का?”

तर मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये आम्ही तुमच्या गाडीपुढे वाकलेले दिसलो तर नमस्कार करतोय असं समजू नका. टायरची पत्रिका वाचतोय. तुम्हीही आमची खुशाल वाचा.