पुनर्वसनाच्या हिशेबात न आलेले कीर्तन

निर्वासितांच्या पुनर्वसनाचा हिशेब सरकारदरबारी जमिनीच्या एकरांत, बैलजोड्यांत आणि कर्जाच्या हप्त्यांत मांडला जातो. माणसे उखडली गेली की त्यांच्याबरोबर गाणारीवाजवणारी मंडळीही विखुरतात, याची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात होत नाही. पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या बंगाली कुटुंबांपैकी काहींना १९६० च्या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्यातील जंगलपट्ट्यात वसविण्यात आले. १९८२ साली जिल्ह्याचे विभाजन झाले आणि चामोर्शी, मुलचेरा परिसरातील त्यांच्या वसाहती गडचिरोलीत गेल्या. नद्यांच्या मुलखातील हे शेतकरी गोंड आणि माडिया समाजाच्या परंपरागत भूमीत आले. दोघांपैकी कोणालाही या शेजाराविषयी कोणी विचारले नव्हते.

अशा परमुलखात कीर्तनाचा संच उभा करणे हे केवळ हौसेचे काम नव्हे. त्याला मूळ गायक लागतो, ध्रुपद उचलून धरणारे साथीदार लागतात, करताल लागतात आणि मातीच्या खोडाचा खोल घुमविणारा जाणता हात लागतो. अष्टप्रहर नामसंकीर्तन चोवीस तास अखंड चालते. ते एका संचाच्या आवाक्यातले नसल्यामुळे अनेक संचांना पाळीपाळीने उभे राहावे लागते. ओराकांदीच्या हरिचांद ठाकुरांचे (जन्म १८१२) अनुयायी असलेल्या मतुआ पंथीयांच्या मेळ्यात डंका, काशाची थाळी आणि शिंग यांचा गजर असतो. सरकारने आखून दिलेल्या वसाहतीत शेजार निवडता येत नाही. तेथे माणसांना एकमेकांवर विसंबायला शिकविणारी जी मोजकी साधने असतात, त्यांत असा संच अग्रभागी असतो.

जगाचा अनुभवही असाच आहे. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारानुसार आशिया मायनरमधील सुमारे १२ लाख ग्रीकांना, ज्यांतील बहुसंख्य आधीच पळून आले होते, ग्रीसमध्ये आसरा घ्यावा लागला. त्यांनी स्मर्नाची गायकी पिरेअस बंदराच्या झोपडवस्त्यांत नेली आणि ‘रेबेटिको’ या गानप्रकाराला तिने बळ दिले. प्रतिष्ठितांनी त्याला हिणवले आणि १९३६ नंतर मेटाक्सासच्या हुकूमशाहीने त्यावर कात्री चालविली. त्याच गाण्याची नोंद २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. यजमान समाजाला पाहुण्याचे गाणे आपले वाटायला कित्येक दशके लागली.

गडचिरोलीतील संचांना तेवढा अवधी मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यातील श्रमाची उत्पादकता वाढते, परंतु चौघांनी वाजवायच्या संगीतरचनेला आजही चौघेच लागतात. अष्टप्रहराचे चोवीस तास यंत्राने बारा होत नाहीत. बाहेरची मजुरी जसजशी वाढते, तसतशी गाण्यासाठी मोडलेल्या दिवसाची किंमतही वाढते. तरुण शहराकडे वळतो. आठ जणांच्या संचातून खोलवादक गेला, तर सात-अष्टमांश संच उरत नाही. संचच बंद पडतो. तिसऱ्या पिढीची अक्षरओळख मराठीची असताना बंगाली भाषेचा मोठा आधार गाणे हाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या हानीचे मोल कळते.

उपाय खर्चिक नाहीत. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला हे गायन ध्वनिमुद्रित करून जतन करता येईल. वृद्ध वादकाला शिष्य तयार करण्यासाठी मानधन देता येईल. झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत आणि माडियांची रेला गीते यांच्या शेजारी कीर्तनालाही मंच देता येईल. मात्र आदिवासींचे स्थान आक्रसून नव्हे. मृदंग-टाळांच्या भजनी मंडळात वाढलेल्या मराठी माणसाला खोल-करतालाचा नाद परका वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. साठ वर्षे ज्यांच्या शेजारी भात पिकविला, त्यांचे गाणे एकदा तरी बसून ऐकावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.